अकरा बिऱ्हाडे आणि एक ठणठणीत भिंत

ही इमारत कागदावर मला दोन लाख चाळीस हजारांना पडली. दलाली, मुद्रांक आणि गच्चीची गळती धरली तर दोन लाख त्र्याण्णव. त्यात बायकोचे शिवणयंत्र, अकरा वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या आणि सख्ख्या भावाशी असलेले बोलणे मिळवा. तरीही एक रक्कम उरते. ती शेवटच्या कलमात लिहिली आहे. आधी लिहिली असती तर क्रेनवाला पुढचे न ऐकताच उठून गेला असता.

मी, वय वर्षे एकाहत्तर, घण-कारखान्यातला निवृत्त देखभाल फिटर आणि तीन मजली इमारतीचा मालक, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कुणीही हात न धरता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे, कारण इमारतीत सध्या त्याविषयी दुमत आहे.

एरवी असा कागद माणूस गेल्यावर उघडतात. हा आजच वाचावा, सगळ्यांना बोलावून, मोठ्याने. वाचायचे काम दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी करावे. त्यांचा आवाज स्वच्छ आहे आणि मधे बोलणाऱ्याला गप्प कसे करायचे ते त्यांना वॉर्डात पाठ झाले आहे.

मृत्युपत्रच का, तेही सांगतो. पहिल्या मजल्यावरचा क्रेनवाला, कारखान्यातला माझा चाळीस वर्षांचा सोबती, याचा एक ठाम समज आहे की माणूस बाकी सगळ्या कागदांवर खोटे लिहील, पण मरणाच्या कागदावर लिहिणार नाही. माझ्या तोंडच्या शब्दावर आता त्याचा विश्वास नाही. म्हणून त्याला चालेल असा कागद करतो आहे.

कलम १. माझी ओळख. कारखान्यात मला ‘डॉक्टर’ म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायची, आणि यंत्राला काय दुखते ते सांगायचे. साहेब परदेशातून मापकयंत्रे आणत, ती तीन दिवसांनी तेच सांगत. आमच्या मोठ्या घणाखाली जहाजांचे दांडे घडत. घण पडला की सगळी वस्ती हादरे, ताटाळ्यातली ताटे वाजत. आमच्याकडे माणसे वाक्य अर्ध्यात थांबवून घण पडू देत आणि मग तिथूनच पुढे बोलत. बाहेरगावचा पाहुणा ओळखायला सोपा, तो घणावर ओरडत बसे.

घरे घेण्याची माझी रीत यातूनच आली. घर पाहायला गेलो की खिडकीत पाण्याने भरलेला पेला ठेवायचो. पाणी थरथरले तर सौदा. नाही थरथरले तर ते घर शहरात नाही, शहराला चिकटलेले आहे. घणाच्या टप्प्यातले घर कधी ओस पडत नाही, हा माझा हिशोब आणि हीच माझी ऐट. या इमारतीत पेला नुसता थरथरला नाही, पाणी सांडले. मी त्याच दिवशी इसार दिला.

तळमजल्यावरच्या माझ्या टेबलावर या वस्तीतले निम्मे व्यवहार झाले. घरे, दुकाने, वाटण्या, दोन घटस्फोटसुद्धा. माझ्या छपराखाली सही करायला माणसे लांबून येत. साक्षीदार तर मला कधी शोधावे लागले नाहीत, जिन्यावर हाक मारली की चार उतरत.

कलम २. जमीन. इमारतीखालची सगळी जमीन मी अकरा बिऱ्हाडांना सारख्या हिश्श्याने देऊन टाकली आहे. मृत्युपत्र बदलता येते, हे क्रेनवाला नर्सबाईंना थांबवून सांगेल. म्हणून जमिनीचे बक्षीसपत्र काल नोंदवूनच आलो. ते मला बदलता येत नाही. माझ्याकडे आता या जागेतला विटेएवढा तुकडाही नाही. बिल्डरने उद्या गाडीभर पैसे आणले तरी ते माझ्या दारी थांबणार नाहीत.

त्यात अट एकच. या महिन्याच्या तीस तारखेच्या आत प्रत्येकाने सामानासह इमारत सोडावी. जो आत राहील त्याचा हिस्सा क्रेनवाल्याला जाईल. क्रेनवालाच आत राहिला तर त्याचा हिस्सा त्याच्या साडूला जाईल, ज्याच्याशी तो नऊ वर्षे बोललेला नाही. साडूला मी कळवले आहे. तो फार खूश आहे.

कलम ३. इतकी घाई कशाची. दोन वर्षांपूर्वी नर्सबाईंच्या स्वयंपाकघरातला गिलावा पडला. ताट वाढलेले होते, माणूस सुदैवाने उठलेला होता. महापालिकेचा तरुण इंजिनिअर आला. त्याने मधल्या भिंतीच्या पाच तड्यांवर काचेच्या पाच पट्ट्या आडव्या चिकटवल्या आणि म्हणाला, “काच फुटली तर समजा भिंत सरकतेय. पण मी म्हणेन, तोवर थांबूच नका.”

सगळी बिऱ्हाडे जिन्यात जमली. क्रेनवाला मला म्हणाला, “डॉक्टर, हे पोरगं कागद वाचतं. तुम्ही भिंत वाचता. तुम्ही सांगा.”

मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भिंत ठोकली, कान लावला, डोळे मिटले. मग म्हणालो, “ठणठणीत.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी आपण सगळे महापालिकेवर गेलो. घणाने पस्तीस वर्षांत पाडली नाही ती इमारत एका पोराचा अहवाल पाडणार का, असे मी तिथे बोललो. फार चांगले बोललो. इमारत रिकामी करण्याची नोटीस बारगळली.

सात आठवड्यांपूर्वी तीन पट्ट्या फुटल्या. परवा चौथी.

कलम ४. मी सांगून पाहिले, त्याची नोंद. दारोदार गेलो. शिंप्याने कात्री खाली न ठेवता विचारले, “बिल्डरचा आकडा काय निघाला, डॉक्टर?” नर्सबाई म्हणाल्या, “त्या इंजिनिअरला किती दिलेत ते तरी सांगा.” क्रेनवाल्याने दारातच हात जोडले. “तुमच्या हाताखाली शिकलोय आम्ही. माणूस घराबाहेर कसा काढतात ते आम्हाला शिकवू नका.”

यात त्यांची चूक नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या पेटीमास्तरांना मी एकदा सांगितले होते की सहा महिने पाणी बंद राहणार आहे. ते बिचारे गेले. पाणी एक दिवसही बंद झाले नाही, भाडे मात्र दीडपट झाले. हा किस्सा मीच रंगवून सांगत असे आणि तुम्ही पोट धरून हसत असा. आता मी खरे सांगतो आहे तर तुम्हाला तोच किस्सा आठवतो.

माझी धाकटी बहीण तिसऱ्या मजल्यावर, भिंतीला लागूनच राहते. तिच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. तिच्या मी पाया पडलो. ती म्हणाली, “दादा, तू ठणठणीत म्हणालास ना? मग सगळे उतरतील तेव्हा मी उतरेन.” ती हट्टाने बोलली नाही, विश्वासाने बोलली. मला तेच सोसले नाही.

कलम ५. बाकीची मालमत्ता. नदीपलीकडची दोन खोल्यांची जागा आणि कारखान्याच्या फाटकाजवळची शेड मी विकली आहे. कारखाना चार वर्षे बंद असल्यामुळे पडेल त्या भावात गेली. त्या पैशातून अकरा बिऱ्हाडांचे दुसरीकडचे एक वर्षाचे भाडे भरले आहे. चाव्या समोरच्या औषधवाल्याच्या गल्ल्यात आहेत, प्रत्येक चावीला नाव लावून. बहिणीची खोली तळमजल्यावर पाहिली आहे.

कलम ६. माझ्या मुलास. तू खुर्च्या-कपाटे बनवणाऱ्या त्या शहरात राहायला गेलास म्हणून मी चारचौघांत तुझी टिंगल केली. तिकडची माणसे हलकी, कारण त्यांच्या पायाखाली काही हादरत नाही, असे म्हणालो. तू पत्रात लिहिले होतेस, “बाबा, विकून टाका आणि इकडे या.” ते पत्र मी टेबलावर मोठ्याने वाचून लोकांना हसवले. तुला जमीन देत नाही, कारण तुला छप्पर आहे. बँकेतली शिल्लक तुझी. ती मोजायला वेळ लागणार नाही. तो पाण्याचा पेलाही तुझा. त्यात पाणी पी, खिडकीत ठेवू नकोस.

कलम ७. स्क्रूड्रायव्हर इंजिनिअरला द्यावा. त्याला मी कचेरीत ‘पट्टीवाला’ म्हणून हिणवले होते. पट्ट्या फुटल्यावर मी एकटाच त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने जुने काही उकरले नाही. खुर्ची दिली, आणि मला समजावे म्हणून नकाशा काढून दाखवला. घणाच्या हादऱ्यांनी पाया आणि भिंत यांचा सांधा कधीच सुटला आहे. जे पाणी सांडताना पाहून मी इमारत घेतली, ते इमारत खिळखिळी होत असल्याचे पाणी होते.

कलम ८. राहिलेली रक्कम. माझा डावा कान घणाने मी नोकरीत असतानाच घेतला. उजवा साडेचार वर्षांपूर्वी गेला. बहिणीलाही माहीत नाही. मी तुमचे ओठ वाचतो. क्रेनवाल्याला मिश्या काप म्हणून मी का छळत होतो, ते त्याला आता कळेल. कारखाना बंद झाला त्या दिवशी तुम्ही सगळे रस्त्यावर येऊन म्हणत होतात, किती शांत झालं. मीही मान हलवली. माझ्याकडे ते सहा महिने आधीच झाले होते.

त्या दिवशी भिंत ठोकली तेव्हा मला काहीही ऐकू आले नाही. बरे नाही, वाईट नाही, काहीच नाही. तुम्ही अकरा घरची माणसे जिन्यात उभी होतात, माझ्या तोंडाकडे पाहत. ‘मला ऐकू येत नाही’, एवढेच म्हणायचे होते. पण मग मी कोण उरलो असतो? म्हणून ठणठणीत म्हणालो. बहिऱ्या माणसाच्या त्या एका शब्दावर तुम्ही दोन वर्षे मुले झोपवता आहात.

नर्सबाई, हे कलम पुन्हा एकदा वाचा. सावकाश.

मला माफ करू नका. माफ करायला बसाल तर वेळ जाईल. क्रेनवाल्या, हा मरणाचा कागद आहे. यात मी खोटे लिहिलेले नाही. आधी माझ्या बहिणीला खुर्चीत बसवून खाली आण, तू उचललेस तर ती येईल. मग मुले, मग बाकीचे. सामान राहिले तर राहू दे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि तो मला मान्य आहे.

सही: मृत्युपत्र करणारा, निवृत्त फिटर

साक्षीदार १: समोरचा औषधवाला
साक्षीदार २: महापालिकेचा इंजिनिअर

दिनांक: चालू महिन्याची बारा तारीख, सकाळी साडेदहा

ठिकाण: इमारतीसमोरचा फुटपाथ, औषधांच्या रिकाम्या खोक्यावर. टेबल आत तयार होते, पण दोन्ही साक्षीदारांनी आत पाऊल टाकायला नकार दिला.