पेडलवरचा पाय

प्रिय हर्षिता,

मी, पद्माकर बिन यशवंतराव जाधव, वय अठ्ठ्याहत्तर वर्षे, शिक्षण इयत्ता चौथी, सरकारी कारखान्याचा निवृत्त वाहनचालक, राहणार येलहंका, बेंगळूर, पूर्ण शुद्धीत लिहितो की, आपल्या गाडीचे ब्रेक ऑइल काल बदलण्यात आले.

तू जर्मनीत घर घेत आहेस, हे ऐकून अभिमान वाटला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु पुढे तू म्हणालीस, "अण्णा, गाडी जागची हलत नाही, मग ऑइल कशाला? विकून टाका." फोनवरच्या त्या प्रश्नाचे उत्तर येथे लिहितो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, गाडी चालो वा न चालो. ते हवेतील ओल शोषून घेते, काळवंडते आणि ऐन उतारावर पेडल दगा देते. उभ्या गाडीत तर हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हे काम एकट्याचे नव्हे. एकाने चाकापाशी बसून नट सैल करून जुने ऑइल बाहेर सोडायचे, दुसऱ्याने पेडल दाबून धरायचे. नट आवळण्यापूर्वी पाय सुटला, तर आत हवा शिरते आणि श्रम वाया जातात. तू शाळेत असल्यापासून ती जागा तुझी. सीट पुढे ओढूनही पाय पुरत नसत, म्हणून तिच्या कडेपर्यंत घसरून दोन्ही पायांनी दाबायचीस. मी चाकापासून आधी कानडीत, मग मराठीत ओरडायचो, "बिडबेडा! सोडू नकोस!" आणि तू त्याहून मोठ्याने, "नाही सोडत, अण्णा!"

शेजारचे शिवाप्पा गाडी गॅरेजमध्ये नेऊ म्हणाले. मी नकार दिला. तुझ्या जागेवर तुझी आई बसली. म्हणाली, "लग्नाला पन्नास वर्षे झाली, चालकाची जागा आज मिळाली, तीही गाडी उभी असताना!" शिवाप्पा पोट धरून हसले. सीट मागे घेतो म्हटले, तर तिने घेऊ दिली नाही. तू बसायचीस तशीच सीट अजून पुढे ओढलेली आहे. शेवटच्या चाकाला तिचा गुडघा थरथरू लागला, तरी तिने पाय सोडला नाही.

कळविण्याचे कारण की, गाडी विकणार नाही. आता दोन वर्षे चिंता नाही. त्यानंतर ऑइल पुन्हा बदलावे लागेल आणि तुझ्या आईचा गुडघा त्या कामाचा राहणार नाही. चाकापाशी मी बसेन. सीट सरकवलेली नाही.

तुझाच,
अण्णा

समक्ष हजर: सौ. कावेरी, चालकाच्या जागेवर, श्री. शिवाप्पा, ऑइलची बाटली धरून.