बुगुमाच्या आजीचा पलंग

३ फेब्रुवारी, शनिवार

इबिनाबोची आजी गेली. सकाळी नायजेरियाहून फोन आला, तिच्या गावाहून, बुगुमाहून. सूनबाई फोन कानाला लावून गॅलरीत उभी. मला त्यांची भाषा समजत नाही, पण गॅस बंद केला आणि जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

माझ्या लेकाने, धम्मपालने, लगेच तिकिटं बघायला घेतली. कसली तिकिटं! आठवा महिना लागलाय, डॉक्टरीणबाईंनी विमानाला साफ नाही म्हटलंय. बुगुमा म्हणजे काय लालबाग आहे, टॅक्सी करून जायला?

मी म्हटलं, रड बाई, मोकळी हो. तर म्हणाली, "आई, पहिले पलंग. बाद में रडणार."

पलंग?

४ फेब्रुवारी, रविवार

आता कळलं. त्यांच्यात घरातलं मोठं माणूस गेलं की पलंग सजवतात. फुलांनी नव्हे – कापडांनी. घराण्याच्या ट्रंकेतली जुनी कापडं काढायची, घड्या घालायच्या, एकावर एक रचायच्या. लेकी-सुनांनी शेजारी बसायचं. लोक येतात, कापडं बघतात, गेलेल्या बाईची थोरवी त्यावरून कळते. पलंग मांडला नाही तर आजीला कोणी नीट निरोप देऊन पाठवलंच नाही असं होतं. तिकडे तिच्या आत्या मांडतीलच. पण आजीने हिला वाढवलंय. "मी पण पाठवणार," म्हणाली. "इकडून."

मी म्हटलं, मांड. पलंग एकच आहे आपल्याकडे, आपण खाली झोपू.

संध्याकाळपर्यंत चाळभर झालं! हितेंद्र आला, कमिटीचा सेक्रेटरी. खुर्चीच्या टोकावर बसला. "मालनकाकी, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. श्राद्ध-पिंडदान करणार नाही म्हटलंय ना आपण? मग हे काय?"

मी विचारलं, पिंड कुठाय? भटजी कुठाय? कावळा कुठाय? कापडं आहेत रे, कापडं!

मग खरं काय ते बाहेर पडलं. "तसं नाही काकी... पण ही माणसं... लोक घाबरतात. जादूटोणा वगैरे. आणि खाली आमची आई ओरडतेय."

त्याची आई म्हणजे कमलाबाई. आमच्या बरोब्बर खालची खोली. पंच्याऐंशीच्या पुढच्या. जिन्यातूनच ऐकू येत होतं, "माज्या डोक्यावर मयताचा पलंग? मी अजून जिती हाय!"

"ही माणसं." आमच्या सासऱ्यांना गावात असंच म्हणायचे – ही माणसं. हितेंद्रच्या आजोबांनाही म्हणायचे. विसरला वाटतं. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

चाळीने तिचं "बिना" करून टाकलंय. मी नाही करणार. इ-बि-ना-बो. चार अक्षरांनी जीभ झडत नाही.

५ फेब्रुवारी

खाली फळ्यावर नोटीस – "खोलीत कोणताही अपरिचित विधी करू नये." वाचली. वर आले. पलंगाखालचं सामान काढून पलंग पुसून घेतला!

६ फेब्रुवारी, मंगळवार

काय लिहू.

आज तिने माहेरून आणलेली बॅग उघडली. सगळी कापडं चौकड्यांची – निळी, लाल. ती म्हणते हे मूळचं आपल्याकडचं, मद्रासकडचं. शेकडो वर्षं बोटीतून तिकडे गेलेलं. तिथे त्याला मान! मूल जन्मलं की ते, लग्नात ते, मरणात ते. पण जसंच्या तसं वापरायचं म्हणजे परक्याचं. म्हणून त्यांच्या बायका ब्लेड घेऊन बसतात. सुईने एकेक फिकट दोरा उचलायचा, कापायचा, ओढून काढायचा. महिनेच्या महिने. मग त्या चौकड्यांतून वेगळीच नक्षी उठते, जाळीसारखी. पेलेते बिते म्हणतात त्याला. ते झालं त्यांचं. मला फार आवडलं हे ऐकून. दुसऱ्याचं कापड घ्यायचं आणि नको ते दोरे काढून टाकायचे!

तर तिच्या आजीने स्वतः कापलेलं एक कापड बॅगेत होतं. सगळ्यांत वर मांडायचं ते. तिने घडी उलगडली. जाळी नव्हती. कापड सपाट, भरलेलं. कुठे काही कापलेलंच नाही जणू!

मला आधी वाटलं, चोरी. कोणी बदललं.

तेवढ्यात आमचे हे कोपऱ्यातून म्हणाले, लाजत-लाजत, "मी भरलं. डोहाळजेवणाला देणार होतो."

दिवाळीत बॅगेला ऊन दाखवलं तेव्हा यांना ते दिसलेलं. दोरे गेलेलं कापड! तेव्हापासून रोज दुपारी ती क्लासला शिकवायला गेली की हे खिडकीत सुई घेऊन. मला वाटायचं लुंगी शिवतायत. हो, लुंगीचेच दोरे उसवून रंगाला रंग जुळवून एकेक तार परत घातली यांनी. डोळ्यांचं ऑपरेशन झालेला माणूस!

इबिनाबो कितीतरी वेळ कापडावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाबा, ये फटा नहीं था. आजीने कापलं होतं."

"कापलं? मुद्दाम?"

"हां बाबा."

हे भिंतीला टेकून खालीच बसले.

७ फेब्रुवारी

हे जेवले नाहीत. मी रागावले, मग मलाच रडू आलं.

तिला मी गिरणीचं सांगितलं. हे कधी सांगणार नाहीत. साचाखात्यात, म्हणजे मागांवर, आपल्या माणसांना घेतच नसत. मागावर फिरणाऱ्या धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागायचा, आणि आपलं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालायचा नाही. माझे सासरे जन्मभर दुसऱ्या खात्यात राबले. हे साच्यावर उभे राहिले ते घराण्यातले पहिले. एक तार तुटलेली सुटली तरी जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ते कापड सगळ्यांच्या डोक्यावर धरून दाखवायचा – "बघा यांची विणाई!" म्हणून यांच्या कापडात तार कधी सुटली नाही. गिरणी बंद पडली तरी यांचं मन साच्यापाशीच. तुझ्या आजीची भोकं बघून यांना झोप कशी लागावी?

तिने ऐकून घेतलं. उठून ब्लेड आणलं आणि यांच्या पुढ्यात बसली. "बाबा, तुमचे कोणते?"

यांना आपली तार न् तार ओळखता येते. हे सुईने उचलून दाखवायचे, ती कापायची. एकदा हे म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा चांगल्या तारेला ब्लेड लावू देतोय." आणि हसले! कालपासूनचं पहिलं हसू.

अर्धं कापड झालं असेल, तेवढ्यात तिच्या आत्याचा व्हिडिओ कॉल. इबिनाबोने कापड कॅमेऱ्यापुढे धरलं, यांच्याकडे बोट दाखवलं, सगळं सांगितलं. मी मनात म्हटलं, आता शिव्या. तर तिकडे मयताच्या घरात आठ-दहा बायका पोट धरून हसताहेत! आत्याने काय सांगितलं ते इबिनाबोने आम्हाला सांगितलं – "आम्ही कापतो, तुम्ही भरता! बाकीचं राहू दे. असा व्याही आपल्या आईला मिळाला हे लोकांना कळू दे."

हे लगेच दाढी करायला उठले. व्याही म्हटलं ना!

८ फेब्रुवारी, गुरुवार

पलंग मांडला. खालपासून वर, घडीवर घडी, मध्ये पंख्यासारख्या चुण्या. तिने सांगायचं, मी आणि यांनी धरायचं. सगळ्यांत वर ते कापड – अर्धं आजीचं, अर्धं यांचं. मग ती शेजारी बसली आणि रडली. मोठ्याने रडली. शेजारची अक्षता धावत आली, तिच्यापाशी बसली.

मी दार सताड उघडं ठेवलं. नोटीस फळ्यावर, दार माझ्या घरचं!

आधी पोरं डोकावली. मग बायका. आमच्या चाळीतल्या बायकांना कापड दिसलं की हात आवरत नाही. पोत बघितला, काठ बघितले. "हे कसं गं कापलं?" जादूटोणा गेला कुठच्या कुठे. यांना तर उभ्याने सांगायला माणसं पुरेनात.

हितेंद्र गॅलरीतून दोनदा गेला. आत आला नाही. मीही ये म्हटलं नाही. त्याने नोटीस आधी काढावी.

९ फेब्रुवारी

कमलाबाई जिना चढून आल्या. एका हाताने कठडा, एका हाताने गुडघा. मी कंबर कसून उभी, म्हटलं होऊ दे भांडण. पण त्या पलंगापाशी बसल्या.

"ही समदी तिची?"

"हो."

"कवा नेसायची?"

इबिनाबोने एकेक सांगितलं. हे लग्नातलं. हे पहिला मुलगा झाला तेव्हाचं. हे नवरा गेला तेव्हाचं. कमलाबाई मान हलवत होत्या. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि कठडा धरून उतरल्या. त्यांचं काही कळत नाही मला.

१० फेब्रुवारी

पलंग उतरवला. आज पलंगावर झोपणार ती. पाय सुजलेत.

११ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दारात हितेंद्र. खांद्यावर पत्र्याची ट्रंक, मागे कमलाबाई. त्याने ट्रंक ठेवली आणि मान खाली घालून उभा राहिला. कमलाबाईंनी स्वतःच्या हाताने झाकण उघडलं. आत लुगडी. लग्नातलं, बारशातलं, दीक्षा घेतली तेव्हाचं पांढरं.

इबिनाबोला म्हणाल्या, "मेल्यावर नगं. आत्ताच मांड. मला बघायचंय."