दुर्बिणीतली वाकडी रेघ

सोम. १३ ऑक्टो. इब्रा, ओमान.
रस्त्याच्या लेव्हल्स, उंचीची मोजणी, दुपारी एकला संपवली. क्लोजिंग जुळेना. निघालो त्या खुणेवर परत आलो तर पाच सें.मी.चा फरक. माझा मदतनीस मोतालिब स्टाफ, म्हणजे आकड्यांची मोजकाठी, सरळ उभा धरत नाही. ओरडलो त्याच्यावर. बिचारा "सॉरी सार, सॉरी सार" करत राहिला. उद्या परत पहिल्यापासून.

संध्याकाळी सालिमचा फोन. वाटलं क्लोजिंगची बोंब पोचली. पण नाही. "रेवाळे, वालिद को राइफल के लिए दुर्बीन चाहिये. तुम्हारी तो उमर गयी दुर्बीन में. तुम देखो."

सालिम माझा अर्बाब, म्हणजे मालक, आणि बाबा हमूद त्याचे वडील. वय सत्त्याहत्तर. तरुणपणी डोंगरात शिकार केलेली. आता शिकारीला बंदी आहे, ते रेंजवर पत्र्याच्या तबकड्या पाडतात. नोव्हेंबरच्या राष्ट्रीय सुट्टीत धाकट्या भावाशी दरवर्षी सामना. गेली दोन वर्षं हरले. नेम धरायची मागची खाच आणि नळीचं पुढचं टोक एकदम स्पष्ट दिसत नाही म्हणतात.

माझी आधीची कंपनी बुडाली तेव्हा "ह्याला ठेवून घे" असं सालिमला सांगणारे बाबाच. तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नाही. अटी दोन. दुर्बीण स्वस्त हवी. "राइफल पुराना, दुर्बीन महँगा? ऐब." ऐब म्हणजे लाजेची गोष्ट. आणि खाली खुणा असलेली हवी.

बुध. १५ ऑक्टो.
सूकमध्ये, म्हणजे बाजारात, इ.भाईंकडे गेलो. इकबालभाई दापोलीकडचे, परवानेवालं दुकान, मासेमारीचे गळ, तंबू, एका कपाटात दुर्बिणी. चहा आधी, माल मग.

खुणांचं प्रकरण मजेचं आहे. गोळी लांब जाता जाता खाली पडते. पन्नास मीटरला मधली फुली बरोबर लागते, शंभरला गोळी वीतभर खाली. म्हणून फुलीच्या खालच्या दांडीवर पाच खुणा. लांबच्या तबकडीला फुलीऐवजी दुसरी-तिसरी खूण लावायची, की नळी आपोआप तेवढी वर होते. म्हणजे आम्हा सर्व्हेयरांच्या लेव्हल यंत्रातल्या अंतराच्या रेघांची चुलत भावंडं. सव्वीस वर्षं ज्या रेघांवर पोट भरलं त्या इथेही भेटल्या, बरं वाटलं.

झूमवाली एक घेतली, पसंत नसेल तर परत ह्या बोलीवर.

रवि. १९ ऑक्टो.
झूमवाली नापास. झूम फिरवलं की तबकडी मोठी होते, खुणा आहेत तेवढ्याच राहतात. मग शंभरची खूण शंभरला लागत नाही, एकाच झूमवर खरी. आमच्या लेव्हलला झूम नसतं म्हणून हे आधी डोक्यात आलं नाही. बाबांना समजावलं. ते म्हणाले, "मैं उमरवाला आदमी, झूम भूल जायेगा. सीधा चीज़ दो." अगदी बरोबर. बिनझूमची, चारपट, खुणांवाली. स्वस्तही तीच.

बाबांनी जाताना खजुराचा डबा दिला. मला साखर आहे हे ते ऐकून घेत नाहीत. (खाल्ले. पाच.)

मंगळ. २१ ऑक्टो.
दुसरी दुर्बीण. बिनझूमची. ट्रायपॉडवर पकडीत घट्ट बसवली आणि समोरच्या इमारतीच्या कोपऱ्यावर लावली. फुली छान, पण खालची दांडी वाकडी. मध्याच्या जरा खाली डावीकडे पोट सुटल्यासारखी, आणि तिसरी खूण गायब. थेट तिच्याकडे बघितलं तर येते, पण मग तिच्या खालची जाते. स्वस्त काच, दुसरं काय.

परत केली. इ.भाईंनी बघितली, म्हणाले, "माना त बरी दिसते." नव्या खोक्यातली तिसरी दिली.

गुरु. २३ ऑक्टो.
तिसरीही तशीच. तिथेच वाक, तीच खूण गायब.

आज जीभ घसरली. भर दुकानात म्हणालो, "इ.भाई, सगळा लॉट डुप्लिकेट आहे तुमचा." दोन गिऱ्हाइकं उभी होती. इ.भाईंनी दुर्बीण फडक्याने पुसली, खोक्यात ठेवली. मग हळूच, "रेवाळे, वीस वर्सां हितं बसलाव. असा कोणी बोलला नाय."

चहा न पिता निघालो. अजून राग आहे. त्यांच्यावर की स्वतःवर, कळत नाही.

शुक्र. २४ ऑक्टो. घुब्रा.
घरी. लेकीची, सानिकाची परीक्षा, बायको वै. तिच्यामागे. वै.ने माझ्या साखरेच्या गोळ्यांची पट्टी मोजली. "दहा दिवसांत चारच घेतल्यास?" साईटवर विसरायला होतं म्हटलं. डोळ्यांची तपासणी कधी केलीस म्हणाली. चष्मा बदलला की तेव्हा. "त्याला सहा वर्षं झाली." भाजी आणायला खाली गेलो.

रवि. २६ ऑक्टो. इब्रा.
हे नीट लिहून ठेवतो.

बाबांना दाखवायला म्हणून तिसरी दुर्बीण परत मागून आणली. इ.भाईंनी खोकं पुढे सरकवलं. शेतावर ट्रायपॉड लावला. बाबांना म्हटलं, बघा कशी वाकडी आहे. बाबा वाकले, बराच वेळ बघितलं. "सीधा है."
"नीचे का लाइन देखो बाबा. तीसरा निशान नहीं है."
"मुहंदिस, पाँच है. एक, दो, तीन, चार, पाँच." बोटं दुमडून मोजून दाखवली. (मुहंदिस म्हणजे इंजिनिअर, मला ते तसंच म्हणतात.)

सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला पाच दिसतात, मला चार. तरी मनात आलं की म्हाताऱ्याला काय दिसतंय.

मग हाताने आपोआप केलं ते. आमच्या धंद्यात संशय आला की यंत्र उलटं करून दुसरं वाचन घेतात. चूक यंत्राची असेल तर यंत्राबरोबर तीही उलटते. शिकाऊ पोरालाही पहिल्या आठवड्यात शिकवतो मी हे. पकड सैल करून दुर्बीण अर्धी फिरवली. खुणांची दांडी वर गेली. पाचही खुणा स्वच्छ, सरळ. आणि खाली आलेली कोरी दांडी, जिला काही झालेलं नव्हतं, ती त्याच जागी वाकलेली.

वाक जागेवरच राहिला. म्हणजे दुर्बिणीत नाही.

डाव्या डोळ्याने बघितलं. सगळं सरळ.

तीन दुर्बिणी झाल्या, आणि एकदाही फिरवून बघावंसं वाटलं नाही. माल स्वस्त म्हणून दोष त्याचाच, हे आधीच ठरवून बसलो होतो. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी माझ्या उजव्या डोळ्याकडे बोट केलं. कॉफी ओतून दिली.

सोम. २७ ऑक्टो.
साईटवर डाव्या डोळ्याने वाचन घेतलं. सवय नाही, मान अवघडते. जुनं फील्डबुक काढलं. तेरा तारखेच्या लेव्हल्समध्ये एका ठिकाणी १.३३५ लिहिलंय. आज तीच जागा परत मोजून हिशोब लावला, तिथे १.३८५ हवं होतं. आठाचा तीन वाचला होता. पाच सें.मी. तिथेच गेले. मोतालिबने स्टाफ सरळच धरला होता.

त्याला सांगितलं, माझी चूक होती. तो इतका घाबरला की परत सॉरी म्हणाला.

सर्व्हेयरचा उजवा डोळा गेला तर उरतं काय? सालिमला सांगावं तर नोकरी. न सांगावं तर कुणाच्या तरी रस्त्यात पाणी तुंबणार. सानिकाची अजून तीन वर्षं शाळा आहे. भीती वाटते, सरळ लिहितो.

मंगळ. २८ ऑक्टो.
सांगितलं. फील्डबुक सालिमपुढे उघडं ठेवलं आणि चूक दाखवली. डोळ्याचंही. तो आकडा बघत राहिला. मग विचारलं, "और कितना ऐसा?" सप्टेंबरपासूनचं सगळं परत मोजून देतो म्हटलं, डाव्या डोळ्याने, आणि वर दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. "ठीक. पहले डॉक्टर. नौकरी का बात बाद में." मी फील्डबुक मिटून उठलो.

बाहेर बाबा गाडीत बसलेले. त्यांना सगळं माहीत होतं, आणि त्यांनी मुलाला काही सांगितलं नव्हतं. माझं मला सांगू दिलं. ह्या माणसाचे उपकार कसे फेडायचे?

गुरु. ३० ऑक्टो.
मस्कत, डोळ्यांचे डॉक्टर. बाबा बरोबर आले, नको म्हणालो तरी. बाकावर माळ ओढत बसले होते.

पडद्याच्या मध्याजवळ सूज. साखरेमुळे. डॉक्टर बाई केरळच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. डोळ्यात इंजेक्शनं, महिन्याला एक, निदान तीन, मग बघू. किती परत येईल? "सम. मे बी मोस्ट. आय वोन्ट प्रॉमिस." डाव्यात नुकती सुरुवात आहे, साखर आटोक्यात ठेवली तर तिथेच थांबवता येईल. आणखी सहा महिने आला नसतात तर वेगळं बोलले असते, म्हणाल्या.

कळलं कसं, त्यांनी विचारलं. रायफलची दुर्बीण निवडत होतो म्हटलं. पेन खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या.

शनि. १ नोव्हें. घुब्रा.
वै.ला सांगितलं. आधी रडली नाही, आधी रागावली. चार गोळ्यांवरून सुरुवात करून लग्नापर्यंत मागे गेली. सगळं खरं होतं, ऐकून घेतलं. मग डब्यांतून साखर, गूळ, खजूर, सगळं काढून शेजारी देऊन आली. आता घड्याळ लावून गोळीचा फोन करणार आहे. करू दे. मला बरं वाटलं.

सानिकाला अजून नाही सांगितलं.

सोम. ३ नोव्हें. इब्रा.
इ.भाईंकडे. मुद्दाम दुकानात गर्दी असताना गेलो. मोठ्याने म्हणालो की माल चोख होता, डोळा माझा खराब. ते काउंटरच्या बाहेर आले, हात धरला. "आरं, आदी सांगायचा ना. माजा बापूस असाच गेला डोल्यांनी. कोनी बगितलाच नाय." मग पडदा सारून आत नेलं आणि बिनसाखरेचा चहा दिला. फार वाईट लागतो. पूर्ण प्यायलो.

बाबा आले. दुसरी आणि तिसरी शेजारी शेजारी लावून त्यांनी स्वतः बघितलं. मी फक्त विचारायचं काम केलं. खुणा मोजा, कडेला रंग फुटतो का, डोळा थोडा मागे घेतला तर अंधार येतो का. दुसरीच घेतली, पहिल्यांदा मी परत केलेली. रायफलीपेक्षा स्वस्त, तेव्हा ऐब नाही.

गुरु. ६ नोव्हें.
पहिलं इंजेक्शन. वाटलं होतं त्याच्या दहाव्या हिश्शानेही दुखलं नाही. भीतीच फार. नंतर डोळ्यात काळे बुडबुडे तरंगताना दिसले, दुसऱ्या दिवशी जातात म्हणे. वै. सोबत होती. परत येताना गाडी सालिमचा ड्रायव्हर चालवत होता. मी मागे बसून डोंगर बघत आलो. बारा वर्षांत ह्या रस्त्याचे डोंगर कधी बघितलेच नव्हते.

बुध. १२ नोव्हें.
बुडबुडे गेले. सप्टेंबरपासूनचा सगळा रस्ता डाव्या डोळ्याने परत मोजला. मोतालिब उन्हात सहा दिवस उभा, एकदाही कुरकुर नाही. क्लोजिंग तीन मि.मी. सालिमने दुसऱ्या सर्व्हेयरकडून तपासून घेतलं, तेही जुळलं. तो म्हणाला, "जानेवारी तक देखेंगे." म्हणजे तीन इंजेक्शनं होईपर्यंत. एवढा वेळ कोण देतो? मनापासून आभारी आहे.

रवि. २३ नोव्हें.
सुट्टीतला सामना झाला. बाबा हरले. पन्नासला सगळ्या पाडल्या, शंभरला वारा आला. खूण बरोबर लावली होती, वाऱ्याला खूण नव्हती म्हणाले. भावाने पुढल्या वर्षी आपल्यालाही अशीच दुर्बीण हवी असं सांगितलंय, ती मी निवडायची. बाबा हरूनही खुशीत. तबकडी दिसली ह्याचीच खुशी. मला ती कळते आता.

शुक्र. २८ नोव्हें. घुब्रा.
सानिकाला आज कळलं. औषधाचे थेंब घालताना तिने बघितलं. बाटली माझ्या हातून घेतली, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर. थेंब घातले. मग समोर स्टूल ओढून बसली.

"बाबा, हा... चांगलावाला डोळा बंद कर. मी दिसते?"
बंद केला. तिच्या डोळ्यांकडे बघितलं. दिसते म्हणणार होतो.
"डोळे दिसतात, कपाळ दिसतं. नाक जरा वाकडं दिसतं."
"किती वाकडं? ड्रॉ करून दाखव."

वही आणली, पेन्सिल दिली. जसं दिसतंय तसंच काढलं, जास्त नाही, कमी नाही. नाक डावीकडे झुकलेलं, एका नाकपुडीच्या जागी नुसता पुसट डाग. तिने बराच वेळ बघितलं. खाली तारीख घातली, "राइट आय" लिहिलं, आणि मला म्हणाली की दर शुक्रवारी काढायचं, ती समोर बसेल, हलणार नाही.

वै.ने स्वयंपाकघरातून येऊन चित्र हातात घेतलं. लेकीच्या नाकाकडे बघून हसायला लागली. हसता हसता चित्र घेऊन तशीच आत गेली, आणि नळ सोडल्याचा आवाज आला. सानिका उठायला लागली, तिला मी बसवलं.

"राहू दे," म्हटलं. "आता दुसऱ्या डोळ्याने काढतो. तू हलू नकोस."