गच्ची: मृगात संकेतची, विंचवात प्रतिमाची

संकेत, चष्मा शोधू नकोस, तो तुझ्या डोक्यावर आहे. तो डोळ्यांवर घे आणि हा कागद तुझ्या बहिणीला फोनवर ऐकू जाईल असा मोठ्याने वाच.

मी, यमुना संभाजी जगदाळे, वय एकोणऐंशी, मूळ जिल्हा सातारा, राहणार राजा पार्क, जयपूर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय माझी इच्छा सांगते आहे. मला अक्षर येत नाही, म्हणून लिहून घेते आहे शेजारची उत्कर्षा. ती मघापासून म्हणतेय, "आजी, मृत्युपत्र आहे, लग्नाची यादी नाही, जरा हळू सांगा!" काय करू, मला राहवत नाही.

तळमजला संकेतचा. वरचा मजला प्रतिमाचा. बँकेत जे उरेल ते निम्मं-निम्मं. भांडायला मजा यावी इतकं ते नाही. पाटा-वरवंटा जावईबापूंना. त्यांना माझी चटणी फार आवडते, आता वाटून खावी.

राहिली गच्ची.

दसऱ्याला माझ्यासमोर भांडलात. संकेत म्हणाला, "आई, मतलब, गच्ची नुसती रिकामीच तर पडलीय. खोल्या काढतो, भाड्याने देतो." प्रतिमा म्हणाली, "मग भाडं अर्धं माझं." तिथून जी चौमूंला सासरी परतली, ती या घरचं पाणीही प्यायली नाही.

रिकामी कशी? यजमान सुभेदार होते, सदा सीमेवर. त्यांची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची मला लाज वाटे. म्हणून ते जातानाच सांगत, "विंचू पुरता वर आला की मी आलो समज." मी रोज संध्याकाळी वर जाऊन बघे, आकडा आला, नांगी आली. त्या गच्चीवर मी सगळा संसार वाचलाय.

मृग आणि विंचू एका आकाशात नांदत नाहीत. एक पूर्वेला डोकं काढतो तेव्हा दुसरा पश्चिमेला पळ काढतो. थेट माझी दोन लेकरं! म्हणून वाटणी अशी:

कार्तिकात संध्याकाळची जेवणं होता होता मृग पूर्वेला दिसला की गच्ची संकेतची. वैशाखात तो मावळून विंचू वर निघाला की प्रतिमाची. आपल्या हंगामात हवं ते बांधा. मात्र ताबा देताना वीट, पत्रा, खांब, सगळं उतरवून गच्ची मोकळी करून द्यायची. किल्ली हातातून हातात द्यायची, कुरिअरने नाही.

मृग म्हणजे आकाशातला, पंचांगातला नव्हे. हे मुद्दाम लिही, उत्कर्षा. जूनमध्ये "मृग लागला" म्हणतात तेव्हा सूर्यच त्यात जाऊन बसलेला असतो, मग मृग दिसणार कसा? गेल्या वर्षी संकेत तेव्हा मोबाईल घेऊन तासभर वर फिरला आणि खाली येऊन म्हणाला, "जयपुरात प्रदूषण फार वाढलंय." वाद झाल्यास नात मैत्रेयीचं बघणं अखेरचं. सुभेदारांची दुर्बीण तिला. ती मृगाच्या पोटातल्या बाणाला तीर म्हणते. चालेल, लागला म्हणजे झालं.

वकीलसाहेब म्हणाले, "माँजी, ऐसा कोई नहीं लिखता." मी म्हटलं, "म्हणून तर तुम्हाला फक्त चहाला बोलावलंय."

आणि हो, हे सगळं माझ्या मागे लागू होईल. पण मला बघायचंय! मरेपर्यंत कोण थांबेल? म्हणून येत्या शनिवारी रंगीत तालीम. मृग साडेआठनंतर निघेल. दोघांनी हजर राहायचं.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: यमुना संभाजी जगदाळे
साक्षीदार: आप्पासाहेब निंबाळकर, निवृत्त नायब सुभेदार, चारुलता सोहोनी, शेजारी
लिहिणार: उत्कर्षा
जयपूर, १२ नोव्हेंबर २०२५

अंगठ्यानंतर आठवलं, तेही लिही: शनिवारी संकेतने गच्चीवर फक्त पिठलं पाठवायचं, भाकरी नाही. भाकरी चौमूंहून येणार आहे.