ओली दोरी

सलमाबाद, बहरीन
१४ सप्टेंबर १९९५

खदिजा आपा,

सलाम. मी बरा आहे, दोन वेळचं जेवतो. उकाडा अजून हटत नाही, सकाळी आठलाच सदरा पिळावा लागतो. झैदची शाळा कशी चाललीय? त्याला म्हणावं, मामाने घड्याळ घेऊन ठेवलंय.

तुझं पत्र मिळालं. 'कंपनीवाले सांगतात तिथे सही करून टाक. झैदचे अब्बा गेले ते गेले, तुझी नोकरी तरी राहू दे,' असं लिहिलंयस. आपा, तुझा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. पण ही सही मी करणार नाही. शंभरदा सांगितलंस तरी नाही.

त्या कागदावर काय आहे, ठाऊक आहे? 'जमालुद्दीन कोणाला न विचारता विजेच्या तारांखाली गेला आणि स्वतःच्या हलगर्जीपणामुळे मेला.' वीस वर्षं मचव्यावर खलाशी म्हणून काढलेला माणूस, आणि म्हणे हलगर्जी! लिहिणाऱ्याचे हात कसे झडले नाहीत?

आमचे इंजिनिअर शैलेंद्र साहेब पुण्याचे, गोड बोलतात. म्हणाले, "अरे लतीफ, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? सही कर, प्रकरण खलास." मी म्हटलं, "साहेब, त्याच्या बायकोला पडतो. ती माझी सख्खी बहीण." त्यांना हे माहीत नव्हतं. मग चहा तसाच ठेवून उठले.

हल्ली मी रोज तमाशा करतो. क्रेनची किल्ली खिशात घालतो आणि सावलीत जाऊन बसतो. तारा बंद केल्याचा कागद हातात पडल्याशिवाय बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, उचलत नाही. चल, आटप म्हणून फोरमन ओरडतो, "यल्ला, लतीफ, यल्ला!" मी म्हणतो, "कागद मफी, क्रेन मफी." कागद नाही तर क्रेनही नाही. काल दोन मल्याळी हेल्परही माझ्या शेजारी येऊन बसले. फोरमनचं तोंड बघायला हवं होतंस! दुपारी वीज खात्याचा माणूस येऊन लाईन बंद करून गेला. म्हणजे मनात आणलं तर अर्ध्या दिवसात होतं. त्या दिवशीही झालं असतं.

त्या दिवसाचं मी तुला अर्धंच कळवलं होतं. भाईंच्या मौतीचा चाळिसावा दिवस होऊ दे म्हटलं. तोही झाला, आता सबब उरली नाही.

तुबलीला खाडीच्या कडेला आम्ही सिमेंटचे पाइप उतरवत होतो. वर तारा चालू. टांगलेला पाइप हेलकावू नये म्हणून त्याला दोरी बांधतात आणि खालून एक जण ती धरतो. त्या दिवशी जमालुद्दीनभाई होते. मचव्यावर करायचे तेच त्यांनी केलं. दोरी हातातून सरकू नये म्हणून खाडीतून बादलीभर पाणी आणलं आणि ती चांगली भिजवून घेतली. आपले बाप-आजे तेच करत आले. इथे दोरी कोरडीच लागते, खाऱ्या पाण्यातून वीज धावते, हे मला शिकवलं होतं. त्यांना कोणी शिकवलंच नाही. मी ते भिजवताना पाहिलं, आपा. पण ते इतकं घरचं वाटलं की माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

फोरमन म्हणाला, "तार लांब आहे, यल्ला." बूमचं टोक तारेला लागलं.

क्रेनवर दुसरा ऑपरेटर होता, असं मी तुला लिहिलं होतं. ते खोटं. मीच होतो.

पुढचंही लपवत नाही. ते पडले तेव्हा मी केबिनमध्येच बसून राहिलो. तार बंद होईपर्यंत क्रेनवरून जमिनीवर पाय टाकायचा नाही, असा नियम आहे. टाकला असता तर मीही गेलो असतो. घड्याळात बघून अकरा मिनिटं. हाका मारल्या, शिव्या दिल्या, रडलो, पण उतरलो नाही. मला नियम माहीत होता म्हणून मी जिवंत आहे. आता तो सगळ्यांसाठी पाळायला लावतो, मग कोणाच्या बापाला भीत नाही.

त्यांचा कागद मी फाडला आणि माझा लिहून दिला. फोरमनने चालू तारेखाली काम लावलं, हे त्यात आहे. बूम लतीफने उचलली आणि दोरी भिजवताना बघून तो गप्प बसला, हेही आहे. शैलेंद्र साहेब म्हणाले, "यात तूही अडकशील." मी म्हटलं, "अडकू दे." एक प्रत या पाकिटात घातलीय. झैदला वाचायला दे. बाप हलगर्जी नव्हता, हे त्याने माझ्या अक्षरात वाचावं.

आता एक तर पोलीस बोलावतील, नाहीतर व्हिसा कॅन्सल करून घरी धाडतील. आलो की पहिला तुझ्याच दारात येईन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. शिव्या घाल, चप्पल मार, मी पायरीवरून उठणार नाही. पण त्या कागदावर सही कर, एवढं मात्र परत म्हणू नकोस.

तुझा भाऊ, अजून म्हणणार असशील तर,
लतीफ
ती क्रेन चालवणारा