चुकलेलं अंगण

२ ऑगस्ट
फजिती! भल्या पहाटे थाटोचे सगळे काका माझ्या लेकीला, गोराताला, मागणी घालायला आले, आणि आमच्याच अंगणात बसले. टोप्या मांडीवर. "घोटभर पाणी मागायला आलोय," असं रीतीप्रमाणे म्हणूनही टाकलं. गोराताच्या बापाची छाती फुगली. हा घसा खाकरतोय तोच माझा भाऊ, ओदिरिलेदादा, काठी आपटत कुंपणाशी.

"पाहुणे, अंगण चुकलात. या माणसाने माझ्या बहिणीसाठी अजून गुराचं एक खूरही दिलेलं नाही. तोवर पोरगी आमची. पाणी मामाकडे मागायचं!"

म्हातारे निमूट उठले. आपापली खुर्ची उचलून दादाच्या घराकडे निघाले! शेजारणी झाडू हातात धरून बघत होत्या. गोराताचा बाप किटली घेऊन तसाच उभा.

पण त्यांना आमचं घर दाखवलं कोणी? गोराताला तर रीत पाठ आहे. थाटोच वेंधळा, दुसरं काय!

३ ऑगस्ट
गोराताचा बाप जेवला नाही.

५ ऑगस्ट
सव्वीस वर्षं एकत्र राहतोय आम्ही. आधी दुष्काळ होता, मग माझे बाबा गेले, मग गोराताची शाळा. पुढे कोणी विषयच काढेना. आमच्या कान्ये गावात निम्मी जोडपी अशीच नांदतात, कोणी नाव ठेवत नाही. माणूस वाईट नाही. "तुला काय कमी केलं?" म्हणतो. खरंच काही नाही.

पण लग्नाआधी नवरीला खोलीत बसवून चार गोष्टी सांगतात, तिथे फक्त लग्नाच्या बायका. जिच्या नवऱ्याकडची गुरं तिच्या माहेरी पोचलीत ती आत, बाकीच्या बाहेर. मी आजवर बाहेरच — ज्वारीच्या लापशीचं पातेलं ढवळत. लोकांच्या लग्नात चाललं. पोटच्या पोरीच्या लग्नातही पातेलंच ढवळायचं? नाही सहन होणार मला. त्याला मात्र हे सांगवत नाही.

६ ऑगस्ट
बोलले एकदाची.
"या वयात? लोक हसतील गं!"
"मग त्या दिवशी काय लोक रडत होते?"
दुपारी काठी आणि ब्लँकेट घेऊन गुरांच्या वस्तीवर गेला. किती दिवसांनी येतो, येतो की नाही, देव जाणे.

११ ऑगस्ट
मी दादाकडे. गुरं यायची तर बाईने माहेरीच असावं लागतं. वहिनी म्हणते, "नवरीबाई, गुडघे दुखत असतील तर बसूनच झाडा अंगण." मेली!
त्याचा निरोप नाही.

१७ ऑगस्ट
आली! आठ गुरं, दादाच्या गोठ्यात. त्याची लाडकी तांबडीसुद्धा — तिला विकायला तो दुष्काळातही तयार नव्हता.

आत्याने सगळ्यांसमोर विचारलं, "हा माणूस हवा का तुला?" विचारायची रीतच आहे. मी म्हटलं, "आता कुठे बदलून आणू?" बायका खिदळल्या. मग माझंच रडू थांबेना. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलंच नव्हतं.

लग्नाच्या बाईचा निळा छापील झगा चढवला, खांद्यावर शाल टाचली. आरशात बघून घेतलं. बरी दिसते.

२४ ऑगस्ट
थाटोचे काका पुन्हा आले. या वेळी आमच्याच अंगणात! दादा शेजारी बसून, काठी पायाशी. गोराताच्या बापाने पाण्याला हो म्हणायला इतका वेळ लावला की म्हातारे तहानेने कासावीस झाले असतील.

१३ सप्टेंबर
आज मी आत बसले. गोराता चटईवर, मान खाली. एकेक बाई सांगत होती — सासूचं ऐक, घरचं बाहेर नेऊ नकोस. माझी पाळी आली आणि काही म्हणजे काही सुचेना. नुसती तिच्याजवळ वाकले. तीच कानात पुटपुटली, "आई, थाटोच्या काकांना त्या दिवशी आपलं अंगण मीच सांगितलं होतं. तू बाहेर असतीस तर मी आत बसलेच नसते."

नवऱ्याला हे सांगणार नाही.