मीठ आणि उप्पीट

नांदेड
१४ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

शेजारणीकडे मीठ मागितलं, तर ती उप्पीट का घेऊन येईल? काल भाषाविज्ञानाच्या तासाला लुंबिनी मॅडमनी हा प्रश्न मला सगळ्यांसमोर विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. खोटं कशाला लिहू, उत्तर माहीत होतं. तोंडातून निघालं नाही.

घरातल्या कुणाचं तरी बोलणं जसंच्या तसं रेकॉर्ड करून न्यायचं होतं. नागपंचमीला आले तेव्हा मी अव्वाला तिची नव्या नवरीची गोष्ट सांगायला लावली. औरादहून लग्न होऊन अहमदपूरला आल्यावर तिनं शेजारी ‘उप्पु’ मागितलं, म्हणजे कानडीत मीठ, आणि नव्या नवरीला भूक लागली असेल म्हणून शेजारीण उप्पीट करून घेऊन आली, ती गोष्ट. अव्वा किती रंगून सांगत होती. मीच मध्ये थांबवलं. उप्पु नको, मीठ म्हण. ‘करून राहिले’ नको, ‘करत होते’ म्हण. वर्गात ऐकवायचंय, नीट बोल, असं म्हणत पुन्हा पुन्हा बोलायला लावलं. शेवटी तिनं बातम्या वाचल्यासारखी गोष्ट सांगून टाकली. मीठ म्हटल्यावर त्यात गोष्टच उरत नाही, हे मला वर्गात कळलं.

कुठलीच बोली अशुद्ध नसते, हे आम्हाला पहिल्याच तासाला शिकवलं होतं. मी ते लाल शाईनं लिहून घेतलं, हॉस्टेलच्या मुलींना त्यावर भाषण दिलं आणि घरी येऊन स्वतःच्या आईचं, अव्वाचंच बोलणं खोडलं.

आता फोनवर ती ‘मी बरी आहे, तू कशी आहेस’ एवढंच म्हणते. रागावली आहे का? फोन तिच्याजवळ असतो, म्हणून हे पत्र चटणीच्या रिकाम्या डब्यातून पाठवतेय.

अप्पांना नमस्कार. तुझा लोभ हे वाचूनही राहू दे.

तुझी,
मंजू


अहमदपूर
२१ ऑगस्ट २०२४

चि. मंजूस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. डबा घासून पाठवला असतास तर आणखी आनंद झाला असता. घरात पहिली ग्रॅज्युएट झालीस म्हणून तुझ्या डब्याचं तेल आपोआप निघत न्हाई.

अव्वा रागावलेली न्हाई. ती गप्प झालीय, ते लई वाईट. आपल्या दुकानात गिऱ्हाईक आलं की उठून आत जाते. रविवारी उदगीरचे पाहुणे मला बघायला आले होते. मुलाची आई, गौरम्मा, मोठी बोलकी बाई. अव्वाशी कानडीत बोलून पाहिलं, मराठीत बोलून पाहिलं. अव्वा नुसती मान हलवत राहिली. मी आत नेऊन विचारलं, तर म्हणाली की पोटच्या पोरीला माझ्या बोलण्याची लाज वाटून राहिली, तर परक्यापुढं तोंड कशाला उघडू, तुझं जमायचं ते मोडेल. आता अप्पांच्या कानावर आलंय की उदगीरकर म्हणतात, मुलीची आई लई गर्वाची, ही सोयरीक नको.

तो मुलगा, मल्लिनाथ, मला आवडला होता, हे फक्त तुला लिहिते. घाईत मी चहात साखर टाकायची विसरले, तरी झकास म्हणत सगळा प्याला.

तू आता काही करावंस असं न्हाई. कळावं म्हणून लिहिलं. माझी माया होती तिथंच आहे, पण तुझं जरा चुकलंच.

तुझी,
अंबिका


नांदेड
२६ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून खरं काय ते सांगितलं. उप्पु म्हटल्याबरोबर सगळे हसले. अव्वाला नाही, गोष्टीला हसले. ते हसू तिचं होतं आणि ती तिथं नव्हती. मॅडमनी शाबासकी दिली, तेव्हा आणखीच शरम वाटली. मी वर्गात खरं बोलून तुझी सोयरीक थोडीच परत येणार होती.

म्हणून तुला आणि अप्पांना न विचारता काल उदगीरला जाऊन आले. रागावायचं तर रागाव. गौरम्मांना सांगितलं की अव्वाला गर्व नाही, तिचं तोंड मी बंद केलंय. आणि कसं बंद केलं, तेही सांगितलं. ऐकून त्या आत गेल्या. चहा मात्र आला.

निघताना कानडीत आमंत्रण द्यावं म्हणून बसमध्ये घोकून गेले होते. ऐन वेळी त्यांना ‘आमच्याकडं बा’ म्हणाले, लेकराला ‘ये’ म्हणावं तसं. त्यांच्या सुना पदर तोंडाला लावून हसल्या. गौरम्मा म्हणाल्या, ‘मी काय शेंबडं पोर आहे का?’ मी दारातच उभी राहिले. अव्वाला मी असंच उभं केलं होतं, तेही तिच्याच घरात. मग गौरम्माही हसल्या आणि म्हणाल्या की रविवारी येतो, ती उप्पुची गोष्ट जिची तिच्याच तोंडून ऐकायची आहे.

त्या दिवशी अव्वाला कुणी मीठ म्हणायला लावू नका. तुझा लोभ वाढवायचा की कमी करायचा, ते पाहुणे गेल्यावर ठरव.

उदगीरच्या बसस्टँडवरूनच मी अव्वाला फोन लावला आणि माझ्या ‘बा’ची फजिती सांगितली. आधी तिनं मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग ती हसायला लागली. म्हणाली, मोठ्या माणसाला ‘बर्री’ म्हणतेत, येवढं बी कळंना का, तिथं काय शिकून राहिली गं तू. बस लागेपर्यंत ती माझ्या चुका काढून राहिली आणि मी ऐकून राहिले.

तुझी,
मंजू